अळ्या बघायला तिकीट काढतात म्हणे!

ऐकलंत का? म्हसावदच्या स्टँडवर, पिठाच्या गिरणीसमोर आणि सलूनच्या बाकावर सध्या एकच विषय आहे. कापसाचा भाव नाही, पपईचा दर नाही, उसाचा हप्तासुद्धा नाही. विषय आहे फुलपाखरू! चांगल्या शिकल्यासवरल्या घरच्या सुना पोरांना क्रूझरमध्ये कोंबून केवडियाला नेतात. तिथे सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा आभाळाला टेकलेला असतो, त्याच्याकडे मान वर करून पाच मिनिटं बघतात आणि उरलेला दिवस फुलपाखरांच्या बागेत वाकून पानं उलटी करत घालवतात. गल्लीतल्या एका जिजीने ओट्यावर बसून निकाल दिला, "पैसा दीसन अळ्या देखाले जातस! काय व माय हाई!"

जिजीचं काय चुकलं? ज्या गावात अळी दिसली की आधी पंप पाठीला लागतो, त्या गावची पोरं अळी बघून टाळ्या वाजवतात. कलियुग म्हणतात ते हेच असावं.

बरं, केवडिया काही लांब नाही. शहाद्याला यायचं, तळोदा, अक्कलकुवा करत हद्द ओलांडायची, सागबारा, डेडियापाडा, राजपीपळा, की आलंच. पहाटे दशम्या आणि ठेचा बांधून निघालेली मंडळी रात्री घरी. गावात असंही बोललं जातं की एक कुटुंब नटूनथटून सोमवारी गेलं. सोमवारी ते सगळं बंद असतं. म्हणे गेटावरच दशम्या खाल्ल्या आणि परत आले. ते कुटुंब कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मी सांगायची नाही.

या बागेला नाव मिळालं ते २०१९ साली. १७ सप्टेंबरला पंतप्रधान आपल्या वाढदिवशी तिथे आले आणि त्यांनी फुलपाखरं सोडली. ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. झालं! तेव्हापासून ज्याला त्याला वाटायला लागलं की पोरांना फुलपाखरू दाखवलं नाही तर पालक म्हणून आपण नापास. आता या केवडियाचं नाव निघालं की आमच्याकडचे काही म्हातारे गप्प होतात, तेही सांगायला हवं. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावं गेली, मणिबेलीचा नंबर पहिला. त्यातली बरीच माणसं आता तळोदा-शहादा भागातल्या पुनर्वसन वसाहतींत राहतात. नर्मदेकाठची फुलपाखरं बघायला तेव्हा तिकीट किती होतं, ते त्यांनाच विचारा.

असो, खमंग चर्चेत कडू घास नको. फुलपाखरांकडे वळू.

हे खूळ एकट्या म्हसावदचं नाही. ठाण्यात घोडबंदर रोडवर ओवळा गावी राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या जमिनीत फुलपाखरांना आवडतील अशी झाडं लावली आणि मुंबईची माणसं मुलाबाळांसकट तिथे जायला लागली. गोव्यात फोंड्याजवळ प्रियोळला तसंच. बंगळुरूच्या बन्नेरघट्ट्यात २००६ पासून मोठा घुमट बांधून आत फुलपाखरं ठेवली आहेत. सिंगापूरच्या विमानतळावर तर विमान चुकलेली माणसं फुलपाखरं बघत बसतात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने किड्यांसाठी वेगळं घर उघडलं ते १८८१ साली. म्हणजे इंग्रजांना हे वेड आपल्या आजोबांच्या आजोबांच्या काळापासून आहे. गर्न्सी नावाच्या एका बेटावर १९७७ मध्ये टोमॅटोची काचघरं रिकामी पडली होती, त्यात एकाने फुलपाखरं सोडली आणि दाराशी तिकीट लावलं. टोमॅटोचा भाव पडला की आपण ट्रॉली रस्त्यावर ओततो. त्या माणसाने काय केलं बघा.

पण खरी धक्कादायक बातमी पुढेच आहे. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा देश आहे. तिथले शेतकरी मुद्दाम अळ्या वाढवतात, हो, मुद्दाम, आणि त्यांचे कोश कापसात गुंडाळून, खोक्यात भरून युरोप-अमेरिकेच्या फुलपाखरू-घरांना विमानाने पाठवतात. तिथे ते कोश काचेच्या कपाटात ओळीने टांगतात आणि फुलपाखरू निघालं की आत सोडतात. बाहेर पडताना दाराशी आरसा असतो, पाठीवर बसून एखादं पाहुणं पळतंय का ते बघायला. हे ऐकल्यापासून आमच्या एका नानांची झोप उडाली आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने त्यांचा कापूस पोखरला, तलाठी पंचनामा करून गेला. वर्षभराने मक्यावर लष्करी अळी आली. आणि जगात कुठेतरी शेतकरी अळी पडली म्हणून पैसे मोजून घेतो! "आपला देश चुकला," नाना म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

आता फुलपाखरांच्या चालचलणुकीबद्दल. हा विषय बायकांच्या बैठकीत हळू आवाजात निघतो, कारण केवडियाहून परतलेल्या पोरांनी सगळी अंडीपिल्ली बाहेर काढली आहेत. निमंत्रणपत्रिकेवर, ओढणीवर, बाळाच्या झबल्यावर जिला आपण मिरवतो ती पाकोळी मुळात किती सोज्वळ आहे? एक तर ती चव पायांनी घेते. पानावर उभी राहिली की तिला कळतं, हे आपलं झाड आहे की नाही. पायाने चाखणं! आपल्याकडे ताटाला पाय लागला तर नमस्कार करतात. दुसरं, फुलपाखरं शेणावर बसतात, सडक्या फळांवर बसतात, ओल्या चिखलातलं पाणी शोषतात. गोमाईच्या काठाला, गुरं पाणी पितात तिथे पावसाळ्यानंतर जाऊन बघा, कशी दाटीवाटीने बसलेली असतात. त्यातही बहुतेक नर. चिखलातले क्षार ते गोळा करतात आणि मिलनाच्या वेळी मादीला देतात. म्हणजे हुंडा उलटा, आणि तोही चिखलाचा!

त्याहून भारी ऐका. रुईवर वाढणारं ते तपकिरी-नारिंगी फुलपाखरू आहे ना, पंखांच्या टोकाला काळं-पांढरं असलेलं, त्याचे नर खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगांवर आणि फांद्यांवर जाऊन बसतात. फुलातला मध सोडून वाळक्या काड्या का चोखतात? तिथला कडू रस घेऊन ते त्याचं अत्तर बनवतात, माद्यांसाठी. अत्तर लावून हिंडणारे नवरदेव गावात कमी आहेत का, म्हणून आता रानातही! आणि मादीचं सोंग वेगळंच. दुसऱ्या एका जातीची मादी, जिला विष वगैरे काही नाही, ती या रुईवालीसारखे कपडे करून फिरते. पक्षी फसतात. रुईवालीला खाऊन एकदा तोंड कडू झालेला पक्षी तशा रंगाच्या वाटेला जात नाही. सोंग घेणाऱ्या मादीचा नवरा मात्र काळा, पंखांवर पांढरे ठिपके. दोघं एका घरातली वाटतच नाहीत. आमच्याकडे शेजारणीची साडी बघून तशीच साडी घेतली तर सहा महिने अबोला असतो.

सरकारचंही ऐकून ठेवा. २०१५ साली महाराष्ट्राने आपलं राज्य फुलपाखरू जाहीर केलं, निळ्या-काळ्या पंखांची राणी पाकोळी, आणि असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. शेकरू राज्य प्राणी, हरियल राज्य पक्षी, आणि ही पाकोळी. आता या राज्य फुलपाखराच्या अळ्या खातात काय? लिंबाच्या जातीच्या झाडांची पानं! सरकारमान्य कीड म्हणायची ही. एका बाजूला मानाचं पान, दुसऱ्या बाजूला कृषी केंद्रात त्याच पानाच्या अळीसाठी बाटली.

आणि इथेच आमच्या गल्लीतल्या भानगडीला सुरुवात झाली.

केवडियाहून परतलेला एक बारक्या दुसऱ्या दिवशी आजीच्या अंगणातल्या कागदी लिंबाजवळ उकिडवा बसलेला दिसला. पानावर पक्ष्याची विष्ठा पडली होती, काळी-पांढरी, ओलसर. त्याने बोट लावलं. ती हलली! आजी किंचाळली. बारक्या म्हणाला, "आजी, ही अळी आहे. लहानपणी ती अशीच दिसते, म्हणजे कोणी खात नाही." मग त्याने एका मोठ्या हिरव्या अळीला काडीने डिवचलं. डोक्यामागून दोन केशरी शिंगं सर्रकन बाहेर आली आणि आंबलेल्या लिंबासारखा दर्प आला. बारक्या खूश. आजीने नाकाला पदर लावला आणि बारक्याच्या बापाला हाक मारली. बाप औषधाचा पंप घेऊन आला. त्यानंतर जे झालं ते अर्ध्या म्हसावदने ऐकलं. पोरगं झाडाला मिठी मारून उभं, बाप म्हणतोय लिंबं नकोत का तुला, आई म्हणतेय तिकडे दोनशे रुपये मोजून हेच दाखवलं की हो, आणि आजी म्हणतेय मी लावलं झाड, मी ठरवणार.

शेवटी तह झाला. खालच्या दोन फांद्या बारक्याच्या, बाकी झाड घराचं.

पपईच्या वावरात मात्र तह व्हायला वेळ लागला. शहादा तालुका म्हणजे पपई, आणि पपई म्हणजे पिठ्या ढेकूण. ही कीड मूळची मेक्सिकोकडची. २००८ मध्ये तमिळनाडूत सापडली आणि बघता बघता देशभर पसरली. झाडाच्या शेंड्याला कापूस चिकटल्यासारखी दिसते, पानं आकसतात, फळं चिकट होतात. तेव्हा सरकारने २०१० मध्ये प्युएर्टो रिकोतून डोळ्यालाही नीट न दिसणारी गांधीलमाशीच्या नात्यातली माशी मागवली आणि सोडली. ती माशी ढेकणाच्या अंगात अंडी घालते, बाकीचं काम तिची पिल्लं करतात. किड्याने किडा काढला! आता म्हसावदच्या शाळकरी पोरांचा शोध असा की या ढेकणांवर एक फुलपाखराची अळीही ताव मारते. अळी, आणि मटण खाणारी! फुलपाखराच्या अळ्या पाला खातात अशी आपली समजूत, तर ही शाकाहार सोडलेली. ती पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात ढेकणांचंच पीठ अंगाला फासून बसते आणि एकेकाला संपवते. मोठी झाली की तिचा जो कोश होतो, तो थेट माकडाच्या तोंडासारखा, डोळे, नाक सगळं. एका पोरीने असा कोश पानासकट घरी आणून बापाला दाखवला. बापाने आधी मारुतीला हात जोडले, मग फवारणी आठवडाभर पुढे ढकलली. चहाच्या टपरीवर त्याची फार चेष्टा झाली. पण दुसऱ्याच दिवशी टपरीवरचे दोघं त्याच्या वावरात पानं उलटताना दिसले म्हणे.

मारुतीचं नाव निघालंच आहे, तर तीही गोष्ट. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. रुई ओरबाडून आणायची, दोऱ्यात ओवायची, घालायची. या शनिवारी माळ गळ्यात पडली आणि देवाच्या छातीवरून एक पट्टेरी अळी चालत निघाली. काळे, पांढरे, पिवळे पट्टे, पाठीवर काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या. दर्शनाला आलेल्या बाया मागे सरल्या. पण रांगेतल्या पोरांनी एका सुरात सांगितलं की ती चावत नाही, ती रुईच खाते, रुईचं विष तिच्या अंगात जातं म्हणून तिला कोणी खात नाही. पुजारीकाकांनी अळी अलगद पानावर घेतली आणि देवळामागच्या रुईवर ठेवली. आता गावात दोन पक्ष. एकाचं म्हणणं, देवाला वाहिलेली वस्तू परत झाडावर ठेवणं चालत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, अळी वाहिलेलीच नव्हती, ती आपली आपण आली. वाद अजून चालू आहे. पुजारीकाका मात्र आता पानं तोडण्याआधी उलटून बघतात, हे दोन्ही पक्षांनी पाहिलं आहे.

आणि आता ताजी खबर. लिंबाच्या दोन फांद्यांवर समाधान न झालेल्या बारक्याने ओसरीवर चक्क कीटकसंग्रहालय उघडलं आहे. चपलांची खोकी, वर मच्छरदाणीचा तुकडा, प्रत्येकावर वहीच्या कागदाची चिठ्ठी. एका खोक्यात काडीसारखा किडा आहे. चार जणांनी बघून सांगितलं की खोकं रिकामं आहे. दुसऱ्यात प्रार्थनाकीटक, पुढचे पाय जोडून बसलेला. त्याच्या खोक्यात दुसरा का ठेवला नाही असं काकूने विचारलं, तर बारक्याने शांतपणे सांगितलं, "ही मादी आहे. नवऱ्याला खाते कधी कधी." काकू विचारात पडल्या. शेणाचा गोळा ढकलणारा किडा सगळ्यांत लोकप्रिय. शेजारच्या मुलीने मोठ्या कौतुकाने मृगाचा लाल मखमली किडा आणला, तर त्याला प्रवेशच नाही! पाय आठ निघाले. "आठ पायवाले कोळ्याच्या नात्यातले. इथे सहावालेच." पोरगी रडत घरी गेली, तिची आई भांडायला आली, आणि पाय मोजून परत गेली.

तिकीट पाच रुपये. सगळ्या गल्लीने दिलं, आजीने नाही. "माझ्या अंगणातल्या अळ्या मलाच दाखवून पैसे घेतो?"

बारक्या म्हणाला, "अळ्या फुकट बघ. लिंबावरचा कोश काळा पडलाय, सकाळी उघडेल. त्याचे पाच."

आजीने कनवटीची दहाची नोट काढली आणि पाच परत मागितले.