बोर्ड फाइल घेत नसल्यास करावयाची कार्यवाही

प्रस्तुत मार्गदर्शन शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले एमआयडीसीतील, तसेच उद्यमनगरच्या बोळांतील अशा सर्व सज्जनांसाठी आहे, ज्यांच्या टेबलावर एक हिरवा बोर्ड आणि एक लॅपटॉप आहे, दोघांमध्ये नेटवर्क केबल आहे आणि स्क्रीनवर 'टी टी टी टी' एवढंच उमटतं आहे. बोर्ड दूध संस्थेच्या फॅट मोजायच्या यंत्रातला असो, इचलकरंजीच्या मागाचा असो की साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा, कार्यवाही एकच.

सर्वप्रथम दोषी निश्चित करावा. हे काम तपासणीच्या आधी उरकायचं असतं. प्रथेप्रमाणे पहिला मान बोर्डाचा, कारण तो उलट बोलत नाही. त्यानंतर पुण्याच्या सप्लायरला फोन लावावा. तो "आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय" असं सांगेल. या वाक्याचा तांत्रिक उपयोग शून्य असला तरी ते तारखेसह वहीत नोंदवावं. एवढ्यात मालक मागे येऊन उभे राहतात. "झालं का न्हाई अजून?" या प्रश्नाला "नेटवर्कचा प्रॉब्लेम हाय" असं उत्तर द्यावं. मालक मान हलवून जातात. उत्तर खरंच असतं, त्यामुळे मनाला टोचणी लागत नाही.

यानंतरचा मोह स्क्रूड्रायव्हरचा. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून चित्रपटाचा कॅमेरा जिथे घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या गावात कुठलीही वस्तू उघडून बघण्याचा हक्क जन्मसिद्ध मानला जातो. तरीही तूर्त उघडू नये. दहातल्या नऊ वेळा बोर्ड निर्दोष असतो आणि गुन्हेगार लॅपटॉपमध्ये बसलेला असतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची हौस असेल, तरच पुढचं वाचू नये.

बोर्डात कर्नलच्याही आधी जागा होतो तो यू-बूट. जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांच्या पीपीसीबूटमधून २००२ साली तो या नावाने पुढे आला. चालू होताच तो दोन-तीन सेकंद थांबून कुठलंही बटण दाबायला सांगतो. ती सेकंदं चहाच्या घोटात गेली तर बोर्ड बंद करून पुन्हा चालू करावा. चहा बंद करण्याचा पर्यायही आहे, पण तो अव्यवहार्य आहे.

फाइल ओढायला यू-बूट टीएफटीपी वापरतो. कॅरन सोलिन्स यांनी १९८१ साली या पद्धतीचे नियम लिहिले आणि १९९२ मध्ये दुरुस्त केले. पासवर्ड नाही, फोल्डरची यादी नाही, फार प्रश्न नाहीत. पंगतीतल्या भिडस्त वाढप्याने एक पुरी वाढावी, 'पोचली' ऐकेपर्यंत उभं राहावं आणि मगच दुसरी उचलावी, तसा हा कारभार. पुरीचं माप ५१२ बाइट. नेमका आठ एमबीचा कर्नल मूळ नियमाने १६,३८४ तुकड्यांत येतो आणि वर एक रिकामा तुकडा येतो, कारण ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की संपलं, एवढीच शेवटाची खूण ठरलेली आहे. हल्ली मोठे तुकडे मागता येतात, पण स्वभाव बदललेला नाही. काही तुकडे नीट पोचले की स्क्रीनवर एक हॅश उमटतो. वाट बघून कंटाळा आला की 'टी' उमटतो. तो एक 'टी' साधारण पाच सेकंदांचा असतो.

आता रोगाचं निदान. 'एआरपी रिट्राय काउंट' असा काही मजकूर आला, तर बोर्ड "सर्व्हर कोण आहे रे?" म्हणून ओरडतोय आणि वायरवर कुणीच ओ देत नाही. केबल बघावी, जोडणीचा दिवा बघावा, मग पत्ते बघावेत. बोर्डाला १९२.१६८.१.५० आणि लॅपटॉपला १९२.१६८.०.१० देऊन दोघं शेजारी असल्याचं समाधान मानणारे लोक आहेत. एका आकड्याने दोघांची गल्ली बदलते.

नुसते 'टी'च येत असतील तर बातमी बरी आहे. सर्व्हर सापडला, पण दार उघडत नाही. म्हणजे एक तर टीएफटीपीचा सर्व्हर चालूच केलेला नाही, नाहीतर फायरवॉल आडवी आली आहे. विंडोजला बोर्डाची केबल लावली की ते 'अनोळखी नेटवर्क' ठरवतं आणि सार्वजनिक जागेचे सगळे निर्बंध लावून मोकळं होतं. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमधल्या उबुंटूत असेल आणि त्याचं नेटवर्क नॅटवर असेल, तर त्याला ब्रिजवर आणावं. नॅटवर फक्त ६९ नंबरचा पोर्ट पुढे ढकलून भागत नाही, कारण विनंती ६९ वर जाते आणि उत्तर दुसऱ्याच पोर्टवरून येतं.

एक खास कारखानी आजार: ऑफिसचं वाय-फायही १९२.१६८.१ च्याच गल्लीत असतं. बोर्ड केबलवरून विचारतो, लॅपटॉप वाय-फायवरून उत्तर देतो आणि दोघंही एकमेकांवर रुसतात. वाय-फाय बंद करावं. आयपीएलची मॅच सुरू असेल तर त्याआधी परवानगी घ्यावी.

शिवाय केबल थेट लावली असेल तर बोर्ड रीसेट झाला की जोडणी तुटते आणि लॅपटॉप पत्ताच टाकून देतो. मध्ये एक स्वस्तातला स्विच ठेवला की हा प्रश्न कायमचा सुटतो. ही खरेदी मालकांना समजावून सांगणं हे या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर आहे.

लॅपटॉपवरून बोर्डाला पिंग करून "बोर्ड मेलाय" असं जाहीर करण्याची घाई करू नये. प्रॉम्प्टवर बसलेला यू-बूट बाहेरच्या हाकेला उत्तर देत नाही. नेटवर्कची आज्ञा मिळाली तरच त्याचे कान उघडतात. त्यामुळे पिंग बोर्डावरून लॅपटॉपला करावा. 'अलाइव्ह' आलं की वायर, गल्ली आणि पत्ते या तिन्ही गोष्टी एका दमात सुटल्या.

'फाइल नॉट फाउंड' आलं तर पेढे वाटावेत. नेटवर्क चालू झालं आहे, फक्त फाइल चुकीच्या फोल्डरात आहे किंवा नावात लहान-मोठ्या अक्षराचा घोळ आहे. उबुंटूवर फोल्डर बहुधा 'एसआरव्ही'च्या आत असतो. फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी परवानगीही द्यावी.

बोर्डाला मॅक पत्ताच नसेल, तरी शेजारच्या बोर्डाचा उसना घेऊ नये. स्वतःचा बनवायचाच तर ०२ ने सुरू होणारा घ्यावा. आणि यातलं काहीच जमलं नाही, तर सिरियल केबलवरून वायमोडेमने फाइल पाठवता येते. १,१५,२०० च्या वेगाने आठ एमबीला बारा मिनिटं लागतात. तेवढ्यात मिसळ खाऊन होते, पण कट परत मागता येत नाही.

हॅशच्या ओळी धावल्या आणि 'डन' आलं की मालकांना हाक मारण्याआधी सेव्हएन्व्हची आज्ञा द्यावी. सेटएन्व्हने दिलेले पत्ते तोवर फक्त रॅममध्ये असतात. लाईट गेली की तेही जातात, आणि पावसाळ्यात लाईट जायला निमित्त लागत नाही.