प्लॅनिंगशेठ

येवल्यात पैठणीची जितकी दुकानं, त्याहून प्लॅनिंगशेठ थोडे कमी. पण शोधायला फार फिरावं लागत नाही. गादीवर बसलेला, गिऱ्हाइकापुढे पदर उलगडलेला, आणि मांडीखाली एक वही दडवलेली, हा तो. वहीत उधारी असावी असं नोकराला वाटतं. वहीत भूतान असतो.

जाऊ केव्हा, हा पहिला प्रश्न. पौषात संक्रांत आहे. भोगी, संक्रांत, कर हे तीन दिवस पतंगाची आसारी टाकून गावाबाहेर गेलेल्या येवलेकराशी पुढे वर्षभर कोणी नीट बोलत नाही. मग लग्नसराई, ती पाऊस पडेपर्यंत. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत जेवायला उठायची पंचाईत. उरतो पितृपक्ष. त्या पंधरवड्यात नवी साडी कोणी घेत नाही, गादीवर माश्या बसतात, म्हणून पैठणीवाल्यांचं जग बघणं भाद्रपदाच्या वद्य पक्षातच उरकतं. आईला हे साफ नामंजूर. ‘‘पितरांना जेवायला घालायचं सोडून हिंडायला कुठं निघालास?’’ वहीत याचंही उत्तर आहे : वडिलांची तिथी तृतीयेला, गाडी चतुर्थीची.

गाडी मनमाडहून. हावडा मेलने कोलकाता, तिथून सियालदहला जाऊन कांचनकन्या एक्स्प्रेस, ती हासिमाराला सोडते. पुढे जयगाव आणि वेशीपलीकडे भूतानचं फुंटशोलिंग. विमानाने बागडोगरा गाठलं तर दोन दिवस वाचतात, हे त्याला ठाऊक आहे. वाचलेल्या दोन दिवसांचं करायचं काय, हे मात्र वहीत नाही.

कागदपत्रांत त्याचा हात कोणी धरू शकत नाही. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, परवाना लागतो; त्यासाठी पासपोर्ट चालतो किंवा मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही. हे वाक्य तो ‘भूतान फायनल’ या ग्रुपवर रोज सकाळी सुविचाराच्या जागी टाकतो, आणि रोज कोणीतरी खाली आधारचा फोटो टाकतं. वहिनींचं ओळखपत्र आहे, पण त्यावर माहेरचं नाव आणि पत्ता कोपरगावचा. हॉटेलच्या बुकिंगवर सासरचं नाव. यावर आठ दिवस खल झाला. शेवटी ‘भूतान फायनल २’ निघाला. त्यात वहिनी माहेरच्या नावाने आहेत.

खरा शेठ दिसतो तो रात्रींच्या हिशेबात. भूतान आपल्या माणसाकडून एका रात्रीचे १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, सहाच्या आतल्यांना माफ. इतर परदेशी पाहुण्यांना रात्रीला १०० डॉलर पडतात, त्या मानाने आपल्याला शेजारधर्माचा भाव आहे. पण चार माणसं, पाच रात्री, म्हणजे २४,००० झाले, आणि यात खोली नाही, जेवण नाही, गाडी नाही. ‘‘नुसतं झोपायचे?’’ प्लॅनिंगशेठने चष्मा काढून विचारलं. मग त्याच्या डोक्यात आलं की शुल्क रात्रीचं आहे, दिवसाचं नाही. दिवस भूतानात काढायचे आणि रात्री भारतात. फुंटशोलिंग गावापुरतं दिवसा फिरून यायला हे शुल्क लागतही नाही, त्यामुळे त्याला आणखी जोर चढला. जयगावला मुक्काम, पहाटे वेशीतून आत, थिंफू बघून रात्री परत! थिंफू घाटातून दीडशे किलोमीटर आहे, जायलाच चार-पाच तास लागतात, हे पुतण्याने नकाशावर दाखवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘घड्याळ तिथं अर्धा तास पुढं असतं. म्हणजे आपला अर्धा तास आधीच मारलेला.’’

गंमत अशी की, हे शुल्क का आहे हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळायला नको. १९७४मध्ये परक्या पर्यटकांना दार उघडलं तेव्हापासून त्या देशाचं धोरण एकच : माणसं थोडी येऊ द्यावीत, पण मोल पुरेपूर घ्यावं. शेठ तरी गादीवर बसून दिवसभर दुसरं काय सांगतो? ‘‘ताई, स्वस्तातलं पाहिजे तर पॉवरलूमचं घ्या, समोर मिळेल. हे हातमागाचं आहे, एका पदराला माणूस किती दिवस बसतो बघा. यात कमी होत नाही.’’ भूतान हेच म्हणतो. फक्त ताईच्या जागी शेठ आहे.

शेवटी रात्रींचे पैसे भरूनच शेठ निघाला. सामानाबद्दल फार लिहीत नाही. शेंगदाण्याची चटणी, खाकरे, लाडू, विजेची किटली हे सगळीकडेच जातं. ठेच्याचं तेवढं सांगायला हवं. किलोभर ठेचा त्याने बरणीत भरून, बरणी पिशवीत, पिशवी डब्यात असा नेला, कारण ‘‘तिकडचं सपक असतं’’. एमा दात्शी हा तिथला रोजचा पदार्थ म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या. मिरची तिथे फोडणीला नसते, भाजीच मिरचीची असते. पारोच्या खोऱ्यात घरांच्या पत्र्यांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या बघून वहिनींनी बरणीकडे पाहिलं. शेठने खिडकीबाहेर पाहिलं.

पुढचं वहिनींकडून ऐकलेलं. दोचुला खिंडीत १०८ छोटे स्तूप दिसले, हिमशिखरं ढगात. तो सप्टेंबरच होता, पितृपक्षाला इलाज नाही. ‘‘शिखरांचे पैसे वजा होतील का?’’ असं त्याने ड्रायव्हरला विचारलं. थिंफूत सिग्नल नाहीत, चौकात पोलीस पांढऱ्या हातमोज्यांनी वाहतूक हाकतो. तिथे पाच मिनिटं थांबून म्हणाला, ‘‘आपल्या येवल्यात विंचूर चौफुलीवर उभा करा याला, मग कळेल.’’ तक्त्सांगचा मठ ३,१२० मीटरवर कड्याला चिकटलेला. घोडं अर्ध्या वाटेपर्यंतच जातं, हे त्याने वहीत लाल शाईने लिहिलं होतं. स्वतः घोड्यावर बसला आणि अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियात चहा पीत राहिला. वहिनी पायी वर जाऊन आल्या.

थिंफूतल्या हातमागाच्या दुकानात मात्र तो पहिल्यांदा गप्प झाला. बायका नेसतात ती किरा. त्यातली रेशमी किशुथारा कंबरेला पट्टा बांधून ताणलेल्या मागावर विणतात, नक्षी विणतानाच हाताने भरतात, एकीला महिनोन्‌महिने लागतात. शेठने कापड उलटं करून पाहिलं, बोटांनी चाचपलं आणि सवयीने निम्म्या किमतीला मागितलं. दुकानातली मुलगी हसून म्हणाली, हातमाग आहे, कमी होत नाही. यावर दुसरा कोणी ओशाळला असता. हा खुर्ची ओढून बसला आणि मोडक्या हिंदीत तिला धंदा शिकवायला लागला : भाव आधी सांगायचा नाही, आधी माल उलटा करून दाखवायचा, मग किती महिने लागले ते सांगायचं, मग पाणी विचारायचं, आणि मग भाव. अर्धा तास गेला. विकत काहीच घेतलं नाही. आपल्याकडे काय कमी आहे?

आता वहीत पुढच्या पितृपक्षासाठी नेपाळ आहे. तिथलं घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढे, याचं त्याला वाईट वाटतं. तुम्ही भूतानला निघाला असाल तर येवल्याला उतरा, त्याच्या गादीवर जा, वही मागा. गाड्या, परवाना, रात्रींचा हिशेब, सगळं फुकट उतरवून देईल, वर चहा पाजेल. पैठणीचा भाव तेवढा कमी करायला सांगू नका.