एका बोटाचं कौतुक पुरे

शोरूममधला मुलगा उभ्या गाडीत बसून एका बोटाने स्टिअरिंग गरागरा फिरवून दाखवतो आणि आपण तिथेच पाघळतो. 'बघा सर, किती स्मूथ!' तीच गाडी पुढच्या महिन्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने नेली की तक्रारी सुरू होतात. स्टिअरिंग पोकळ लागतं, मध्यावर थोडं हलवलं तर गाडीला पत्ताच नसतो, शेजारून कंटेनर गेला की सारखं सावरत बसावं लागतं. ज्या हलकेपणावर भाळून गाडी घेतली, तोच आता घाबरवतो.

रस्त्याची आणि टायरची खबर हाताला लागणं ही शौकिनांची चैन नाही. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं पकड सोडायला लागली की स्टिअरिंग अचानक सैल पडतं. हे डोळ्यांच्या आधी तळहाताला कळलं पाहिजे. ज्या गाडीत ते कळत नाही, ती गाडी चालकापासून माहिती लपवते आहे, असंच मी म्हणेन. पाच-सहा लाख मोजणाऱ्याला ही माहिती मिळायला हवी, आणि वीस लाखवाल्याइतकीच मिळायला हवी.

हा पोकळपणा येतो कुठून? विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत पहिल्यांदा आलं. छोट्या गाडीलाच ते आधी हवं होतं, कारण जुन्या हायड्रॉलिक पद्धतीत तेलाचा पंप सतत इंजिनची ताकद खात राहतो. विजेची मोटर मात्र गरज लागेल तेवढीच चालते. आपण स्टिअरिंग वळवलं की दांड्यातली एक बारीक सळई किंचित पिळली जाते, सेन्सर तो पीळ मोजतो आणि मोटर गिअरमार्फत जोर लावते. स्वस्त गाडीत ही मोटर डॅशबोर्डखाली, दांड्यावरच बसवलेली असते. म्हणजे टायरकडून येणारा प्रत्येक निरोप त्या गिअरचं आणि मोटरचं घर्षण ओलांडून हातापर्यंत यायचा. सरळ रस्त्यावर हे निरोप मुळातच बारीक असतात आणि ते वाटेतच जिरतात. सॉफ्टवेअर नीट बसवलं तर यातलं बरंच सुधारता येतं, ते काम कंपन्यांनी मनापासून करायला हवं. पण पार्किंगमधल्या एका बोटावर गाडी विकली जात असेल तर त्यासाठी वेळ कोण घालणार? टेस्ट ड्राइव्ह घेताना गाडी मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरने चालवून बघायचा आग्रह धरा. सेल्समन नको म्हणाला तर दुसरं शोरूम गाठा.

मात्र नवी असताना बरी लागणारी गाडी चार पावसाळ्यांनी पोकळ झाली असेल, तर मोटरला बोल लावण्याआधी बाकीचं बघा. सगळ्यात आधी, स्टिअरिंगवर चढवलेलं ते जाड, स्पंजचं, मऊ मऊ कव्हर काढून फेका. ते मूळ चाकावर घसरतं, म्हणजे पहिली हालचाल कव्हरची होते, गाडीची नाही. वळवायला सोपं म्हणून बसवलेली गोल मूठही काढा.

मग हवा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या आकड्यांचं स्टिकर असतं आणि बऱ्याच गाड्यांच्या स्टिकरवर दोन रकाने असतात, कमी माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा. गणपतीला कोकणात जाताना मागे तिघं, डिकीत बॅगा, नारळ, फटाके, आणि हवा मात्र रोजचीच. मागचा भाग बसतो, पुढचा हलका होतो आणि स्टिअरिंग आणखी सैल लागतं. हवा टायर गार असताना तपासा. नायट्रोजनने स्टिअरिंग सुधारतं असं कोणी सांगत असेल तर पैसे देऊ नका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायर रुंद करून घेणाऱ्यांना माझा सरळ विरोध आहे. छोट्या गाडीच्या १४५/८० आर १२ या मापात टायरची भिंत ११६ मिलिमीटर उंच असते. स्टिअरिंग वळवल्यावर आधी ही भिंत वाकते, मग गाडी वळते, त्यामुळे थोडा ढिलेपणा त्या मापातच आहे. पण म्हणून बसतील तेवढे रुंद टायर आणि जड अलॉय चढवले की चाकाचं वजन वाढतं, गाडी रस्त्याच्या चरांमागे ओढली जाते आणि मोटरचं सॉफ्टवेअर जुन्याच मापाचं राहतं. त्यापेक्षा त्याच मापाचे चांगले, ताजे टायर घ्या. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालं की खबर येणं थांबतं.

आता खरी गोष्ट, सांधे. गॅरेजमध्ये गेल्यागेल्या 'अलाइनमेंट करा' म्हणू नका. 'प्ले बघा' म्हणा, प्ले म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा. जाणता मेकॅनिक काय करतो ते बघण्यासारखं असतं. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, स्टिअरिंगचं लॉक उघडलेलं. पोऱ्या आत बसून स्टिअरिंग मध्यापासून दोन-दोन बोटं डावी-उजवीकडे हलवत राहतो. मेकॅनिक चाकामागे आडवा होऊन टाय रॉड एंडवर नुसती बोटं टेकवतो. सांधा झिजला असेल तर डोळ्याला काही दिसत नाही, पण आतला गोळा वाटीत टक् टक् करतो आणि ते बोटाला लागतं. मग हात आत सरकतो, रॅकवरचा रबरी बूट चिमटीत धरला जातो, कारण रॅक एंडचा सांधा त्याच्या आत असतो. तिथेही टक् टक् आली तर दोन्ही बदलायचे. नंतर गाडी जॅकवर. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हललं तर स्टिअरिंगचे सांधे, बारा आणि सहाच्या जागी हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग.

'साहेब, हे बघा,' म्हणत तो लोअर आर्मच्या मागच्या बुशात टॉमी घालून दाबतो आणि फाटलेल्या रबराची फट उघडते. ही फट बघून घ्या. हा बुश चाकाला पुढे-मागे सरकू देत नाही. चाक नीट जागेवर असलं तरच त्याचा मागे कललेला आस कायम राहतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं. बुश गेला की ब्रेक दाबताना चाक एकीकडे, वेग घेताना दुसरीकडे. मोटर, सेन्सर, कॉम्प्युटर सगळं ठणठणीत असूनही गाडी हाताला खोटं बोलते. आणि वळवलेलं स्टिअरिंग स्वतःहून परतत नसेल तर शॉकॲब्सॉर्बरच्या डोक्यावरचं बेअरिंग चिखलाने अडलंय का, पायांजवळचा दांड्याचा क्रॉस जॉइंट गंजलाय का, तेही तपासायला लावा. खड्ड्यांनी आणि पावसाने हे सगळं बिघडतं, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकायला मिळतं, 'सर, या मॉडेलचा स्वभावच तसा आहे.' हे उत्तर ऐकून घेऊ नका. त्यांच्याच आवारातली त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवायला मागा आणि मग बोला.

सांधे धड झाले की अलाइनमेंट. आधी केलीत तर पैसे वाया, कारण हलत्या सांध्यावर आकडा बसत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलता येतो. मागचा ॲक्सल एकसंध असतो, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, फिरवायला स्क्रूच नसतो. तरीही बिलात कॅम्बरचे वेगळे पैसे लावले जातात आणि काही ठिकाणी हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट किंवा नकल चक्क वाकवून स्क्रीनवरचा आकडा हिरवा केला जातो. हे थांबलं पाहिजे. कॅम्बर बिघडला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. ते शोधायचं की चांगला भागही वाकवायचा? टो बसवतानाही स्टिअरिंग सरळ धरून दोन्ही टाय रॉड सारखे फिरवावे लागतात. घाईत एकच फिरवला की गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग तिरकं राहतं. काम संपल्यावर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागून घ्या. जो देत नाही त्याच्याकडे परत जाऊ नका.

माझा राग मात्र गॅरेजवाल्यापेक्षा कायद्यावर जास्त आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. धूर दरवर्षी तपासला जातो, पण पहिल्या पंधरा वर्षांत तुमचा टाय रॉड बघायला कोणी येत नाही. तेच मॉडेल पिवळ्या पाटीवर टॅक्सी म्हणून फिरत असेल तर त्याला ठरावीक काळाने फिटनेस घ्यावीच लागते. पांढरी पाटी असली की तीच गाडी त्याच खड्ड्यांतून मोकाट. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि तीत स्टिअरिंग-सस्पेन्शन बघतात. जर्मनीत पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. आपल्याकडे भारत एनकॅपचे तारे २०२३ पासून मिळू लागले, ते उत्तमच झालं, पण ते नव्या गाडीचे आहेत आणि मुख्यतः धडकेत काय होईल ते सांगतात. आठव्या वर्षी बॉल जॉइंटची काय अवस्था आहे, ते तिथे कळत नाही.

स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम २०२१ साली आले. चाकाखालची प्लेट हलवून सांध्यांतला ढिलेपणा उघडा पाडणारं यंत्र या केंद्रांत असतं. चौथ्या वर्षापासून दर दोन वर्षांनी खासगी गाडीही त्या प्लेटवर आणायला लावा. 'नुसता पैसे उकळायचा धंदा होईल' असं लोक म्हणतील. म्हणून निकाल यंत्रातून थेट छापून मालकाच्या हातात द्या, आकड्यांसकट. समृद्धी महामार्गावर छोट्या गाड्यांना ताशी १२० ची मुभा आहे. ती देणाऱ्या सरकारने एवढं तरी करावं. तोवर दसऱ्याला गाडीला हार घालण्याच्या आदल्या आठवड्यात, पावसाळ्याचा चिखल धुऊन झाला की, गाडी जॅकवर घ्या आणि मेकॅनिकच्या शेजारी स्वतः उभे राहा.