आधी रुसवे विचारा

मराठी माणसाला पूर्वजांबद्दल विचारलं की तो थेट पानिपतावर जातो. आमच्या घराण्यातला कुणीतरी 14 जानेवारी 1761 रोजी तिथे होता, अशी आमच्या थोरल्या चुलत्यांची खात्री आहे. शेजारच्या आळीचीही तशीच आहे. कऱ्हाड तालुक्यात मी ज्या ज्या घरी चहा प्यायलो, त्या प्रत्येक घरातला एकेक पुरुष पानिपतावर पडलेला निघाला. एवढे सगळे खरोखर गेले असते, तर अब्दाली गर्दी बघूनच माघारी फिरला असता. बरं, त्यानंतरच्या दोनशे वर्षांत घरात काय घडलं, असं विचारलं तर चुलते म्हणतात, "घडायचंय काय? शेती!"

मला ती शेतीच हवी आहे. आणि ती लिहून काढायला घरातली पोरं हवी आहेत, कारण आम्हा पन्नाशीपुढच्यांना कुणी खरं सांगत नाही. आम्ही पडलो हिस्सेदार. मी वही घेऊन बसलो की चुलते आधी विचारतात, "सातबाऱ्याचं काय काढलंयस का?" त्यापुढे त्यांची स्मरणशक्ती जी जाते, ती मी उठेपर्यंत येत नाही. कॉलेजातल्या नातीवर मात्र असा संशय घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही.

म्हणून मी पुतणीला कामाला लावलं. ती पुण्यात इंजिनिअरिंग शिकते, त्यामुळे प्रश्नावली छापूनच आली. पहिला प्रश्न : "आज्जी, तुझं बालपण कसं होतं?" आई म्हणाली, "कसलं आलंय बालपण," आणि लसूण सोलत राहिली. मुलाखत संपली.

मग मी पुतणीला घराण्याच्या इतिहासातली एक मेख सांगितली. जुन्या माणसांना जन्मसाल आठवत नाही, पण लग्नात कुणाचा मान राहिला ते आठवतं. तेव्हा इतिहास विचारू नये, रुसवा विचारावा. दुसऱ्या दिवशी पोरीने सहज आवाजात खडा टाकला, "आज्जी, आत्याआज्जी म्हणत होत्या, तुझ्या लग्नात बुंदी कमी पडली."

"कोन म्हनतंय?" आईने लसणाचं ताट बाजूला सारलं. "कमी पडली म्हनं! आगं, तीन दिस कुत्री खात हुती!"

पुढचे दोन तास पुतणीला फक्त फोन धरून बसायचं काम होतं. गूळ कुणाच्या गुऱ्हाळातला, देवळाची भांडी आणायला गाडी कुणाची, फेटा जुना दिला म्हणून कोणता मामा पारावर जाऊन बसला, त्याची समजूत काढायला कोण गेलं आणि मग तोही का रुसला, आणि या सगळ्यासाठी ओढ्याकाठचं रान कुणाकडे गहाण पडलं, हे सगळं निघालं. गहाणाची गोष्ट तर मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. घराचं अर्थशास्त्र, शेती आणि समाजशास्त्र असं सगळं एका बुंदीतून बाहेर पडलं. आत्याआज्जींची बाजू अजून घ्यायची आहे. त्या सांगलीला असतात आणि त्यांनाही खडा लागतो.

सालाचं म्हणाल तर आपली म्हातारी माणसं सन सांगत नाहीत, संकट सांगतात. "मानमोडीत गेली" म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. "दुष्काळात खडी फोडायला जायचो" म्हणजे 1972. आमच्याकडे सगळ्यांत पक्की खूण कोयनेच्या भूकंपाची, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेची. आई म्हणते, तेव्हा आमचा दादा तिच्या पोटात होता. दादाच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र जन्मतारीख आहे 1 जून 1966, कारण गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एकच तारीख वाटली होती. म्हणजे भूकंपाच्या पहाटे दादा आईच्या हिशेबाने पोटात आणि सरकारच्या हिशेबाने दीड वर्षाचा! पुढे राज्य सरकारच्या नोकरीतून तो 31 मे 2024 ला अठ्ठावन्नाचा म्हणून निवृत्त झाला. जन्माला येण्याआधीचं वयही सरकारने त्याच्याकडून वसूल केलं. तालुक्यात 31 मेला शाली-नारळांचा तुटवडा का पडतो, हे कळायला हा एक दाखला पुरे.

आता कागद. नाशकाला तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असते. गाव आणि आडनाव सांगितलं की बाड निघतं आणि कोणत्या पिढीतलं कोण कधी येऊन गेलं ते कळतं. आमचं बाड निघालं तेव्हा पणजोबांची दोन कुटुंबं निघाली. घरी ठाऊक असलेली एकच. चुलत्यांनी उपाध्यायांना तिथल्या तिथे "नीट वाचा" असं सुनावलं. आमच्या बाजूला, कोल्हापूर-सांगलीकडे, हेळवीही येतात. ते बैल घेऊन दारात उभे राहतात आणि घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवतात. लहानपणी त्यांना धान्य घालायला मला पाठवायचे, आणि सूप रिकामं केलं की मी पळायचो. आजच्या पोरांनी पळू नये, रेकॉर्डिंग करावं.

मोडीचा बाऊही करू नये. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम जावयाचा मान आला. लिपी नेटाने बसलं तर शिकता येते. खरी अडचण लिपीची नसते. आपल्याच वाड्यातला कागद आपल्याच चुलत्याच्या ट्रंकेत असतो आणि ट्रंकेची किल्ली काकूच्या कमरेला.

या सगळ्या वंशावळी पाहताना पुतणीने विचारलं, "काका, यात एकही बाई नाही. ही माणसं झाली कशी?" चुलते खाकरले. खरंच, आमच्या झाडावर सात पिढ्या नुसते पुरुष फांदीला फांदी फुटावी तसे फुटले आहेत. एकेका आजीचं माहेरचं नाव लग्नात पुसलं, आणि माहेरच्यांनीही ते कुठे टिपून ठेवलं नाही. या कामाला नाशिक उपयोगी नाही, नातीच लागतात. पुतणीने आता वेगळं पान घातलंय आणि त्यावर पहिलं नाव लिहिलंय ते पणजोबांच्या त्या दुसऱ्या कुटुंबाचं. चुलते तिच्याशी बोलत नाहीत. चला, एक नवा रुसवा आयताच मिळाला, तारखेसकट.

आणि आपल्या घरात लिहिण्यासारखं काही नाही, असं ज्या पोरांना वाटतं त्यांनी वरसईचे विष्णुभट गोडसे आठवावेत. दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेत गेलेला हा भिक्षुक 1857 च्या धामधुमीत सापडला आणि घरी परतला. पुढे चिं. वि. वैद्यांनी आग्रह धरला म्हणून गोडशांनी ते सगळं लिहून काढलं. 'माझा प्रवास' 1907 साली छापलं गेलं. वैद्य मागे लागले नसते, तर झाशीच्या किल्ल्यातली हकीकत गोडशांच्या पडवीतच राहिली असती.

तेव्हा या सुट्टीत गावी जाल तर फोन चार्ज करून न्या, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापाशी आधी बसा. पंचाहत्तरीचे थांबू शकतात. सुरुवात लग्नातल्या जेवणापासून करा. दोन्ही बाजू लिहा, खोडू नका. आणि लिहून होईपर्यंत ती वही चुलत्यांना दाखवू नका.