जर्मनवाले काका

पुण्यात जर्मन येणारा माणूस शोधायला जावं लागत नाही. कुठल्याही रांगेत उभं राहा, मागचा-पुढचा कुणीतरी निघतोच. कुणी रानडे इन्स्टिट्यूटला वर्ग केलेले असतात, कुणी मॅक्स म्युलर भवनाच्या परीक्षा दिलेल्या असतात. बहुतेकांचं जर्मन व्हिसा हातात पडला की संपतं. काहींच्या मात्र ते अंगात भिनतं. आमच्या सोसायटीतले जर्मनवाले काका त्यातले.

काकांची उभी हयात जर्मन यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत आणण्यात गेली. नट, बोल्ट आणि व्हॉल्व्ह यांनी आयुष्यभर छळल्यामुळे की काय, निवृत्त झाल्यावर त्यांनी अगदी वेगळा विषय धरला: किरकोळ मारामाऱ्या. करायच्या नव्हेत, त्यांना साधं झुरळ मारायचं तर काकूंना हाक मारावी लागते. कुठल्या मारामारीला इंग्रजीत काय म्हणायचं आणि जर्मनमध्ये काय, एवढं फक्त ठरवायचं.

आता हे तुम्हीआम्ही कशाला ठरवू? आपल्याकडे हल्ली दोन पोरांनी एकमेकांची कॉलर धरली तरी ‘राडा’ आणि बाजारपेठ पेटली तरी ‘राडा’. हा शब्द ऐकला की काका डोळे मिटून घेतात. पिठल्याला झुणका म्हणणाऱ्या सुनेकडे एखादी आजी बघते तसं मग तुमच्याकडे बघतात आणि विचारतात, “थांबा, थांबा. किती जण होते? हातात काही होतं? केस ओढले का?”

हे तीन प्रश्न ठरलेले. माणसं दोन असतील तर ‘प्र्यूगेलाय’ चालेल. तीन झाली तरच खरी ‘श्लेगेराय’, कारण जर्मन दंडसंहितेच्या कलम २३१ मध्ये जी श्लेगेराय आहे तिला तिथली न्यायालयं दोनांहून जास्त माणसं मागतात. हातातल्या वस्तूचा प्रश्न ‘प्र्यूगल’साठी, प्र्यूगल म्हणजे सोटा. केस ओढले असतील तर ‘राउफेराय’, कारण ‘राउफेन’ म्हणजे उपटणं. इंग्रजीतल्या ‘टसल’च्या मुळाशीही विस्कटलेले केसच आहेत, हे सांगताना काका स्वतःच्या टकलावरून हात फिरवतात. “आणि आपल्या झिंज्या आहेतच. तीन भाषा, पण हात कुठे जातो बघा!”

पोरांची मातीतली लोळालोळी म्हणजे ‘बाल्गेराय’. नुसतं रेटणं, ढकलणं म्हणजे ‘रांगेलाय’. तळमजल्यावरचे अण्णा एकदा हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, “तुमच्या प्रत्येक मारामारीच्या शेवटी ‘आय’ येतेच का हो? आमच्या गावाकडेही भांडण शेवटी तिथेच जातं.” काकांनी हा शेरा वहीत टिपून घेतला. पुढे ‘आय’ हा प्रत्यय तीच ती कटकट दाखवायला कसा लावतात, यावर अण्णांना अर्धा तास ऐकावं लागलं, ते वेगळं.

काकूंना या संसारात स्वतःचं संरक्षण करावं लागतं. काका फोनवर “नाही, नाही, मेले फार होतं,” असं म्हणाले की पूर्वी त्या कणकेच्या हातानेच बाहेर धावायच्या: “अगंबाई, कोण मेले?” कुणीच नाही. ‘मेले’ हा इंग्रजीने फ्रेंचमधून उचललेला शब्द; मूळ अर्थ मिसळण, म्हणजे कोण कुणाला मारतंय ते कळू नये अशी गर्दी. जर्मन ‘हांडगेमेंग’मध्येही हातांची मिसळणच. आता काकू धावत नाहीत. नवराबायकोच्या रोजच्या कुरबुरीला जर्मनमध्ये ‘काबेलाय’ म्हणतात, हे काकांनी त्यांना मोठ्या प्रेमाने शिकवलं होतं. काकूंनी विचारलं, “आणि मी लाटणं उचललं तर?” काका विचारात पडले. लाटण्याला सोटा म्हणावं का, हे त्या घरात अजून ठरलेलं नाही.

एकदा मात्र हा छंद जवळून बघायला मिळाला. एका एजन्सीने काकांकडे जर्मन कारखान्यातल्या चौकशीचा कागद इंग्रजीत तपासायला पाठवला होता. कँटीनच्या रांगेत दोन कामगारांची ‘रांगेलाय’ झाली होती आणि कुणीतरी तिथे ‘ब्रॉल’ लिहून मोकळं झालं होतं. काका दोन दिवस त्या शब्दावर बसून होते. पिवळा जर्मन कोश ‘डूडेन’ मांडीवर, जाडा इंग्रजी कोश उशीवर, कानामागे पेन्सिल. एजन्सीतली मुलगी फोन करून कंटाळली. “काका, एकच तर शब्द आहे!” काका म्हणाले, “बाळ, ग्रिम बंधूंनी १८३८ मध्ये कोश हातात घेतला, तो १९६१ मध्ये पुरा झाला. बत्तीस खंड. मी दोनच दिवस मागतोय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “ब्रॉल वाचून साहेब त्या पोराला काढून टाकेल गं. त्याने नुसता खांदा मारलाय. स्कफल लिही.” पैसे शब्दावर मिळतात. त्या दोन दिवसांचे किती झाले, हे काकूंनी विचारलं नाही.

मुलगा म्युनिकला असतो. तिकडे गेले असताना काकांनी ऑक्टोबरफेस्टचा हट्ट धरला. बियर ते घेत नाहीत. त्यांना खरीखुरी ‘विर्ट्सहाउसश्लेगेराय’, म्हणजे गुत्त्यातली मारामारी, उभ्याने बघायची होती. एक-एक लिटरचे पेले हातात घेतलेली हजारो माणसं, त्यामुळे आशेला जागा होती. माणसं मात्र बाकांवर चढून, एकमेकांच्या गळ्यात हात घालून गात राहिली. काका संध्याकाळपर्यंत थांबले आणि हिरमुसून परत आले. “शिस्त फार झालीय त्यांच्यात,” एवढंच म्हणाले.

ती हौस शेवटी पार्किंगमध्ये फिटली. स्कूटर कुणी हलवली यावरून बी विंगमधल्या दोघांनी एकमेकांची गचांडी धरली होती आणि तिसरा बाह्या सरसावत होता. काका बारमाही छत्री घेऊन मध्ये उभे राहिले. “तुम्ही थांबा. तुम्ही आलात की तीन होतील.” तिसरा गोंधळून थांबला. “सोडवायला येत असाल तर या. सोडवणाऱ्याला कलम २३१ लागत नाही. इतरांनाही कुणी दगावलं किंवा जबर जखमी झालं तरच.” मग त्यांनी छत्री वर केली. “हिला जर्मनमध्ये शिर्म म्हणतात. शिर्मेन म्हणजे रक्षण करणं. इंग्रजी ‘स्कर्मिश’ त्याच मुळाचा. तोच धागा इटलीत जाऊन वेश पालटून परत आला, तो ‘शारम्युत्सल’…” इटली येईपर्यंत गचांड्या सुटल्या होत्या. एकाला ऑफिसची आठवण झाली, दुसऱ्याला दुधाची. काका हळहळले, ‘काइलेराय’ अजून सांगायची राहिली होती.

हसतो आम्ही त्यांना. पण काकांनी नाव ठेवलं की भांडण आहे तेवढंच राहतं, आणि बरेचदा त्याहून लहानच होतं. वॉचमनला हे आमच्या आधी कळलं. परवा त्याच्या रजिस्टरात नोंद होती: ‘रात्री ११.१०, बी विंग, रांगेलाय, इसम २, केस ओढले नाहीत.’ सेक्रेटरी ते रजिस्टर घेऊन अजून फिरताहेत. यासाठी दंड करायचा की नाही, हे सोसायटीच्या नियमावलीत कुठे सापडत नाही.