बदलाचे शब्द आणि त्यांचा टिकाऊपणा

बदल दाखवणाऱ्या मराठी शब्दांची कामे काटेकोर वाटलेली आहेत, आणि त्यांचा अभ्यास शिर्डी परिसरात उत्तम होतो. ‘हंगामी’ हा शब्द राहात्याच्या पेरूला आणि नोकरभरतीला सारखाच लागतो. फरक इतकाच, की हंगाम सरताच पेरू बाजारातून जातो. हंगामी कर्मचारी निवृत्तीच्या वयापर्यंत हंगामी राहतो. ‘तात्पुरती’ हे विशेषण पत्र्याच्या शेडला लावतात. शेड गंजून पडली, तरी विशेषण शाबूत असते. ‘पुढील आदेशापर्यंत’ म्हणजे कायमचे. कारण पुढील आदेश निघत नसतो.

लॉजच्या पाटीवर ‘दर बदलू शकतात’ ही ओळ ऑईलपेंटने रंगवलेली असते आणि दर खडूने लिहिलेला. ही योजना शास्त्रशुद्ध आहे. गुरुवारी पालखी निघते. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमीला गर्दी उसळते. दर पुसता यावा लागतो, इशारा पुसून चालत नाही.

‘पूर्वीचे’ हा शब्द जिल्ह्याला २०२४ साली लाभला. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आणि पत्ता एका नावावरून दोन नावांवर गेला. बदल पूर्ण झाल्याची खूण म्हणजे जुने नाव कंसात मुक्कामाला येणे.

‘परिवर्तन’ हा सर्वांत जड शब्द, म्हणून तो निवडणुकीपुरता राखून ठेवतात. सहकारी संस्थांच्या निवडणुकीत ‘परिवर्तन पॅनल’ हमखास असते. ते निवडून आले, की कार्यालयातल्या फलकावर अध्यक्षांचे फक्त नाव नव्याने रंगवावे लागते. आडनाव आधीच असते.