डिझेल इंजिनास सूक्ष्म तपशील चढविण्याची शास्त्रोक्त रीत

बाजारातून आणलेले डिझेल इंजिनाचे लघुरूप सुरळीत धावत असेल, त्याचा दिवा लागत असेल आणि घरातील मुले ते पाहून हरखत असतील, तर ते अद्याप अपूर्ण आहे असे निःशंक समजावे. ही अपूर्णता दूर करण्याच्या शास्त्राचे विवेचन येथे १:८७ प्रमाणातील डब्ल्यूडीएम-२ या इंजिनाच्या आधारे केले आहे; कारण १९६२ साली अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून प्रथम आलेले आणि १९६४ पासून वाराणसीस घडू लागलेले, सोळा सिलिंडरांचे व २,६०० अश्वशक्तीचे हे धूड आपल्या रुळांवर इतकी वर्षे राबले की, त्याविषयी स्वतःचे मत नसलेला मनुष्य फलाटावर मिळणे कठीण.

प्रथम एका विवक्षित क्रमांकाचे इंजिन व एक विवक्षित साल मुक्रर करावे. ‘साधारण पुणे शेडचे’ ही मोघम भाषा या दप्तरी चालत नाही. जमविलेल्या छायाचित्रांत डावी बाजू एका सालची आणि उजवी बाजू मागाहून झालेल्या दुरुस्तीनंतरची निघाली, तर दोन्ही बाजू एकाच वेळी कोणासही दिसत नाहीत, या भौमितिक सत्याचा आश्रय करावा.

नंतर साच्यातच ओतलेले हातदांडे पात्याने तासून टाकावेत आणि त्यांच्या जागी ०.३ मिलिमीटर जाडीची पितळी तार बसवावी, जी ८७ने गुणिली असता २६ मिलिमीटर भरते. भोके हाताने फिरवावयाच्या ड्रिलने पाडावीत. तिचे पाते मोडतेच, सबब ते डझनाने आणावे. चिमट्यातून उडालेला वायपर सापडत नाही; शोधाची तजवीज करण्यापेक्षा दुसरा करावा.

परंतु कारागिराची खरी कसोटी कपलिंगपाशी लोंबणाऱ्या लिंबू-मिरचीत आहे. मोहरीचा दाणा या कामी घेणाऱ्याने इंजिनास नारळ बांधला असे होते; खसखशीचा दाणाही मोसंबीएवढा भरतो. चार सेंटीमीटरांचे लिंबू येथे अर्ध्या मिलिमीटरहून लहान होत असल्यामुळे बारीक रव्याचा एकच कण निवडून, भिंगाखाली पिवळा रंगवून, टूथब्रशच्या केसाच्या हिरव्या तुकड्यांसह तो कोळ्याच्या धाग्याएवढ्या तंतूत ओवावा. यास एक रविवार जातो. घरी शिऱ्याची फर्माईश झाल्यास रव्याचा डबा आधी ताब्यात घ्यावा.

इतक्या काटेकोरपणानंतर रुळांकडे मात्र पाहू नये. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात १९ मिलिमीटरांहून थोडी अधिक. आणि बाजारातील तयार रूळ पडले १६.५ मिलिमीटरांचे, कारण ते परदेशी १,४३५ मिलिमीटरांच्या मार्गासाठी केलेले. सारांश, लिंबाच्या दशांश मिलिमीटरासाठी ज्याने डोळे शिणविले, त्याचे इंजिन पावणेतीन मिलिमीटर अरुंद मार्गावर उभे असते. या विषयाचा उच्चार सभ्य मंडळींत करीत नाहीत.

अखेरीस मळ. चालकाने नॉच वाढविताच इंधन आधी पोचे आणि टर्बोचार्जरची हवा मागाहून, म्हणून हे इंजिन काळाकुट्ट धूर ओके. त्याची खूण म्हणून धुराड्याभोवती काळ्या खडूची पूड चोळावी, चाकांपाशी तांबूस, इंधनटाकीवर तेलकट. वरून बिनचकाकीचे व्हार्निश मारावे आणि इंजिन काचपेटीत ठेवावे, कारण वळणावर फिरविल्यास पुढच्या नळ्या गळून पडतात.

काचेच्या फटीतून खरी धूळ शिरतेच. तिचा कण या प्रमाणात खडीएवढा होत असल्याने ती मुळीच खपवून घेऊ नये. मऊ कुंचल्याने दर पंधरवड्यास झटकावी, आणि झटकताना आपण लावलेली खोटी धूळ जागची हलली नाही याची भिंगाने खातरजमा करावी.